सिंकखालचं डिस्पोजर बदलायचंय? मशीनला हात सगळ्यात शेवटी लावा

गेल्या काही वर्षांत नात्यात आणि शेजारात मिळून पाच घरांच्या ओट्याखाली मी टॉर्च घेऊन आडवी झाले आहे. त्यातल्या तीन घरांत वेस्ट डिस्पोजर (सिंकखाली बसणारं, खरकटं वाटून पाण्याबरोबर पुढे सोडणारं मशीन) नुकतंच बदललेलं होतं आणि आठवड्याभरात कपाटात पाणी साचलं होतं. तिन्ही ठिकाणी मशीन नवं कोरं, एकदम ठणठणीत. चुकला होता तो कामाचा क्रम.

होतं असं, की दुकानातून खोकं येतं, घरातले सगळे भोवती जमतात आणि पहिल्या अर्ध्या तासात नवं मशीन सिंकला लटकवून मोकळे होतात. मग कळतं की पाइप पोचत नाही, प्लग लागत नाही, भिंतीतलं भोक मशीनच्या तोंडापेक्षा वर आहे. त्यानंतर जे काही होतं त्याला आमच्याकडे ‘जुगाड’ म्हणतात आणि ते बरोबर आठ दिवस टिकतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी जुन्याची तपासणी, मग मापं, मग वीज, मग सिंकची कॉलर (भोकात वरून बसणारी गोल कडा, मशीन हिलाच लटकतं) आणि भिंतीकडचा पाइप. मशीन या सगळ्यानंतर.

टप्पा १: जुनं मेलंय की नुसतं अडकलंय?

हे आधी बघा, कारण निम्म्या वेळा मशीन बदलायची गरजच नसते. मुख्य दरवाज्यातून कुणी आत आलं आणि ‘चक्की बंद पडली’ म्हणालं, तर मी पहिला प्रश्न विचारते, आवाज येतो का?

बटण दाबल्यावर ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो पण फिरत नाही, म्हणजे आत काहीतरी अडकलंय. लगेच बंद करा. तसंच चालू ठेवलं तर मोटर तापून खरोखरच जळते. प्लग काढा. मशीनच्या बुडाला मधोमध सहा कोनी खाच असते, त्यात मशीनसोबत आलेली चावी घालून दोन्ही बाजूंना हलवा. काही मॉडेलना ही खाच नसते. तिथे वरून लाकडी लाटणं घालून आतली तबकडी ढकलायची. सुटलं की लांब चिमट्यानं वस्तू बाहेर काढा. हात आत घालायचा नाही, प्लग काढलेला असला तरी नाही. आमच्याकडे आजवर निघालेल्या वस्तू म्हणजे चिंचोका, स्टीलच्या घासणीचा तुकडा, आणि एकदा देवघरातली छोटी घंटी, तीही लोलकासकट.

काहीच आवाज नाही, तर बुडाचं लाल बटण बघा. मोटर तापली की ते बाहेर येतं. दहा मिनिटं थंड होऊ द्या, आत दाबा, मग पुन्हा चालवून बघा. तरीही गप्प असेल, तर त्याच सॉकेटला टेबल लॅम्प लावा. लॅम्पही लागत नसेल तर दोष मशीनचा नाहीच.

पाणी गळत असेल तर कुठून गळतंय त्यावर सगळं ठरतं. मशीन कोरडं पुसा, सिंकमध्ये पाणी सोडा आणि टॉर्च धरून बसा. सिंक आणि मशीनच्या मधून गळतंय, तर वरच्या कॉलरची पुट्टी (फट बुजवणारा, मळून लावायचा मसाला) गेली. बाजूच्या पाइपाशी गळतंय, तर दहा-वीस रुपयांचं रबर गेलं. बुडातून, म्हणजे मोटरच्या भागातून थेंब येतोय, तर आतलं सील गेलं. फक्त या तिसऱ्या प्रकारात मशीन बदला. ते दुरुस्त करून वापरू नका, कारण तिथे पाणी थेट विजेकडे जातं.

टप्पा २: दुकानात जाण्याआधीची मापं

चार गोष्टी कागदावर लिहून न्या. मोबाइलमधला फोटो पुरत नाही, दुकानदार फोटो बघून ‘हो, बसेल’ म्हणतो.

पहिलं माप सिंकच्या भोकाचं. बहुतेक डिस्पोजरची कॉलर साडेतीन इंची, म्हणजे साधारण ९० मिमी भोकासाठी केलेली असते. आपल्याकडे सिंक वेगवेगळ्या भोकांचे मिळतात, काहींचं भोक याहून मोठं असतं. जुनं डिस्पोजर बसलेलं होतं म्हणजे नवंही बसेलच असं धरू नका. मागच्या माणसानं मध्ये जोडरिंग घातलेली असू शकते. खाली वाकून बघा.

दुसरं माप उंचीचं, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. सिंकच्या तळापासून भिंतीतल्या सांडपाण्याच्या पाइपाच्या मध्यापर्यंत किती सेंटिमीटर आहे ते मोजा. मग नव्या मशीनच्या माहितीपत्रकात वरच्या टोकापासून बाजूच्या तोंडापर्यंतचं अंतर शोधा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा हवा. मी निदान आठ-दहा सेंटिमीटरचा फरक धरते. जास्त ताकदीचं मशीन बहुधा लांबुडकं असतं. त्याचं तोंड खाली येतं आणि भिंतीतलं भोक वर राहतं. पाणी वर चढत नाही, ते मशीनमध्ये उभं राहतं, आणि तिसऱ्या दिवशी सिंकला वास सुटतो. मग सगळे लिंबाच्या साली टाकत बसतात.

तिसरं म्हणजे सांडपाणी जातं कुठे. भिंतीतून सरळ बाहेरच्या चेंबरला जात असेल तर ठीक. पण आमच्या इंदूरच्या कितीतरी जुन्या घरांत आणि फ्लॅटांतसुद्धा सिंकचा वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप खाली फरशीतल्या नहाणी ट्रॅपच्या जाळीत नुसता खोचलेला असतो. तुमच्याकडे असं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: डिस्पोजर बदलू नका, काढून टाका. वाटलेला लगदा त्या ट्रॅपमध्ये बसतो आणि एक दिवस स्वयंपाकघराच्या फरशीवर परत येतो. साधं वेस्ट कपलिंग बसवा आणि खर्च वाचवा. स्वतंत्र लाइन काढून घ्यायची तयारी असेल तरच पुढे वाचा. शहराबाहेरच्या वसाहतीत सेप्टिक टँक असेल तर टाकी जास्त वेळा उपसावी लागेल, हेही धरून चाला.

चौथं, नळाची धार. दहा लिटरची बादली सिंकच्या नळाखाली धरा. ती दोन मिनिटांच्या आत भरली पाहिजे. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी वेळ गच्चीवरच्या टाकीवर भागवायचं. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम डोक्यावर असते आणि धार बारीक पडते. बोअरचं पाणी असेल तर नळाच्या तोंडाची जाळी क्षारांनी बुजलेली असते. ती काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा आणि पुन्हा मोजा. धार नसेल तर डिस्पोजर कितीही महागाचं घ्या, लगदा पाइपात मध्येच बसणार.

*सावधान.* परदेशातून कुणी सामानात आणलेलं मशीन लावण्याआधी त्याच्या पाटीवरचा आकडा वाचा. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. माझ्या धाकट्या दिरांनी असं एक प्रेमानं आणलं होतं आणि नुसता प्लग बदलून लावलं. तीन सेकंदांत काम तमाम. ट्रान्सफॉर्मर लावूनही प्रश्न पूर्ण सुटत नाही. व्होल्टेज उतरतं, पण ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर हळू फिरते आणि जास्त तापते. शिवाय तिकडे काळी वायर फेजची, म्हणजे वीज आणणारी असते, आणि आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, परतीची. हा घोटाळा जीवावर बेतू शकतो.

टप्पा ३: सामान आधी, काम नंतर

सियागंजला, म्हणजे इथल्या बाजारात, एक फेरी मारून हे सगळं एकदम आणा. काम अर्धवट असताना एका वायसरसाठी स्कूटर काढावी लागली तर दुपार गेलीच म्हणून समजा.

प्लंबर पुट्टी किंवा सिलिकॉन (कुठे काय, ते पुढे सांगते), दीड इंची गुळगुळीत पीव्हीसी पाइप, पी-ट्रॅप (पाणी धरून ठेवणारा वळलेला पाइप), त्याची रबरं दोन जादा, पाइप पाना, चपटा आणि स्टार स्क्रूड्रायव्हर, हॅक्सॉ, पॉलिश पेपर, प्लास्टिकची खरवडणी, टॉर्च, रबरी हातमोजे, डोळ्यांना संरक्षक चष्मा, बादली, जुनी वर्तमानपत्रं आणि मशीनला खालून टेकू द्यायला काहीतरी. मशीन पाच ते दहा किलोच्या आसपास असतं. मी रंगाचा रिकामा डबा आणि त्यावर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा वापरते. अंकांची जाडी एकेक करून कमीजास्त करता येते, जॅकपेक्षा बरं.

लवचीक नळकांडी पाइप आणू नका. दुकानदार हमखास तोच पुढे करेल, कारण तो कसाही वळतो. त्याच्या आतल्या प्रत्येक वळीत वाटलेला भात बसतो. बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅपही डिस्पोजरला नको. साध्या सिंकला तो चालतो, पण लगदा त्याच्या बुडाशी साचतो. पी-ट्रॅपच घ्या.

काम सकाळी दहा-अकराला सुरू करा, आणि नळाला पाणी येण्याच्या दिवशी. टाकी भरलेली हवी, कारण चाचणीलाच चार-पाच सिंक पाणी जातं. स्वयंपाक आदल्या रात्री किंवा सकाळी उरकून ठेवा. घरात पोहे-जलेबी बाहेरून आली तरी कुणी नाही म्हणत नाही.

टप्पा ४: वीज

हा टप्पा मी मुद्दाम मशीन उतरवण्याच्या आधी ठेवलाय. सॉकेटचं काम निघालं तर ते आदल्या दिवशी होऊ द्या, म्हणजे सिंक उघडं पडून राहत नाही.

सॉकेट तीन पिनांचं आणि १६ अँपिअरचं असावं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, त्यामुळे ६ अँपिअरचा सॉकेटही पुरेल असं हिशेबानं वाटतं. पण मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, आणि हलक्या सॉकेटच्या पिना हळूहळू काळ्या पडतात. सॉकेट कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर, वरच्या अंगाला हवा. पाइपांच्या सांध्याखाली कधीच नको. गळती झाली तर पाणी कुठे पडेल, ते मनात रेघ ओढून बघा.

अर्थिंग आहे की नाही हे तिसरं भोक बघून कळत नाही. जुन्या घरांत भोक असतं आणि मागे वायरच नसते. मल्टिमीटर असेल तर फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट दिसले पाहिजेत. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही त्याच्याकडून बघून घ्या. माझी स्वतःची सीमा ठरलेली आहे: प्लग लावणं-काढणं माझं, भिंतीतली वायर त्याची.

आता बंद करण्याबद्दल. नुसतं बटण बंद करून काम सुरू करणं ही सगळ्यात धोक्याची सवय. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लागलेलं असू शकतं. म्हणजे मशीन बंद, पण वायरीत वीज तशीच. मेन स्विच खाली पाडला तरी इन्व्हर्टर चालू असतो, आणि ओट्याखालचा पॉइंट इन्व्हर्टरवर असेल तर मेन पाडून काही उपयोग नाही.

*तपासा:* प्लग हातात आला पाहिजे. प्लग काढा, तो कपाटाबाहेर डोळ्यांसमोर ठेवा, त्या लाइनचा एमसीबी पाडा, इन्व्हर्टर बंद करा. मशीनची वायर प्लगऐवजी सरळ भिंतीत गेलेली असेल, तर इथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनकडून ती सोडवून घ्या. टेस्टर वापरत असाल तर आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो हे बघा, मग बंद वायरीला लावा, मग पुन्हा चालू पॉइंटला. मेलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असंच सांगतो.

टप्पा ५: जुनं उतरवणं

कपाट पूर्ण रिकामं करा. डबे बाजूला सरकवून भागत नाही, खांदा आत जायला जागा लागते. तळाला वर्तमानपत्रं पसरा. आहे त्या जोडणीचे तीन-चार फोटो काढा आणि मशीनच्या वरच्या कडीवर (मशीन कॉलरला अडकवणारी, फिरणारी रिंग) पेननं एक रेघ मारा, म्हणजे कडी कुठून कुठे फिरली ते कळतं.

आधी ट्रॅप सोडा, खाली बादली धरून. त्यात निदान तांब्याभर पाणी असतंच, आणि ते कसलं असतं ते विचारू नका. मग मशीनच्या बाजूचा पाइप. भांडी धुण्याच्या मशीनची नळी जोडलेली असेल तर तीही.

आता टेकू लावा. मशीनचं बूड डब्यावर नीट बसल्याशिवाय कडी फिरवायची नाही. कडीच्या कानात स्क्रूड्रायव्हर घालून फिरवा. सुटताना ती एकदम सुटते, आणि दहा किलोचं लोखंड तोंडावर येतं. दोन माणसं असावीत ती यासाठीच. एकानं धरायचं, एकानं फिरवायचं, आणि ‘सुटलं’ असं मोठ्यानं म्हणायचं.

मशीन उतरलं तरी कॉलर आणि तिच्या खालच्या पट्ट्या सिंकलाच राहतात. इथे मोह होतो की नव्या कंपनीची कडी जुन्याच कॉलरला बसतेय तर राहू दे. एकाच कंपनीचं मॉडेल असेल आणि कॉलर गळत नसेल तर चालेलही. मी तरी बदलते. जुनी पुट्टी वाळून खडू झालेली असते, हलवलं की फुटते.

तीन स्क्रू ढिले करा, पट्टी वर ढकला आणि खालची स्प्रिंग रिंग चपट्या स्क्रूड्रायव्हरनं खाचेतून उचकटा. चष्मा घाला. ती रिंग उडते. त्यानंतर कॉलर वरून निघते. पूर्वीच्या माणसानं व्हाइट सिमेंट किंवा एम-सील भरलं असेल तर हातोडी घेऊ नका. स्टीलचं सिंक चेपतं, आणि चेपलेल्या कडेवर कुठलीच कॉलर पुन्हा सपाट बसत नाही. हेअर ड्रायरनं एम-सील थोडं गरम करून प्लास्टिकच्या खरवडणीनं काढा. अर्धा तास लागेल, लागू द्या.

*तपासा:* भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. एकही खडा लागता कामा नये.

टप्पा ६: कॉलर बसवणं

स्टीलच्या सिंकला प्लंबर पुट्टी. ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झच्या सिंकला सिलिकॉन, कारण पुट्टीतलं तेल दगडात मुरून डाग पडतो. सिलिकॉन लावलंत तर २४ तास थांबायचं, आणि ते खरंच २४ तास. ‘संध्याकाळपर्यंत सुकेल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पुट्टी हातात मळून करंगळीएवढी जाड वळी करा, चकलीला करतो तशी, एकसारखी. ती कॉलरच्या खालच्या कडेला गोल लावा, कॉलर भोकात सरळ ठेवा आणि तळव्यानं दाबा. एकदा दाबली की फिरवायची नाही. नाव वाचता यावं म्हणून लोक कॉलर फिरवतात आणि पुट्टी एका बाजूला पातळ होते. नाव वाकडं असलं तरी गळत नाही.

खालून क्रम असा: फायबरचं वायसर, त्याखाली जाड पट्टी, त्याखाली कडीची रिंग, शेवटी स्प्रिंग रिंग खाचेत. वरून कुणीतरी कॉलरवर वजन ठेवून धरलं तर बरं, एकटं असाल तर पाण्यानं भरलेलं कुकरचं भांडं ठेवा. मग तिन्ही स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीनं आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलंत तर पट्टी तिरकी होते. वर सगळीकडून पुट्टी सारखी बाहेर आली की बरोबर बसलं. ती पुसून घ्या.

*तपासा, आणि हा टप्पा गाळू नका:* मशीन अजून लावलेलं नाही. सिंकचं बूच लावा, चार बोटं पाणी भरा, पंधरा मिनिटं थांबा. खालून कोरडा कागद कॉलरभोवती फिरवा. ओला झाला तर आत्ताच उघडा. आत्ता दहा मिनिटांचं काम आहे, मशीन लटकल्यावर दोन तासांचं.

टप्पा ७: भिंतीकडचा पाइप आणि पी-ट्रॅप

भिंतीच्या बाजूचा भाग आधी बसवा, मशीनकडचा तुकडा शेवटी मापानं कापा. उलट केलंत तर पाइप ओढून-ताणून जोडावा लागतो, आणि ताणलेला सांधा मोटरच्या थरथरीनं महिन्याभरात सैल होतो.

आडव्या पाइपाला उतार हवा, मीटरला दोन सेंटिमीटर. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढाच. पाइप कापल्यावर आतली-बाहेरची कडा पॉलिश पेपरनं साफ करा, तिथले तंतू कचरा अडवतात. सांध्याच्या निमुळत्या रबराचा बारीक भाग ज्या तोंडात पाइप शिरतो त्याच्याकडे, सपाट भाग चाकीकडे, म्हणजे सांधा आवळायच्या प्लास्टिकच्या नटाकडे. उलटं बसलं तर कितीही आवळा, गळेल. चाक्या हातानं आवळा आणि वर पाव फेरा. पाना लावून जोर केला की प्लास्टिकची चाकी चिरते, आणि चीर आज दिसत नाही. टेफ्लॉन टेप इथे लागत नाही, इथे पाणी रबर अडवतं. आमचे प्लंबर दिसेल त्याला टेफ्लॉन गुंडाळतात. ‘भाभीजी, इतना तो सब जगह चलता है,’ असं ऐकून मी एकदा गप्प बसले होते. त्या कपाटाची प्लायवूड नंतर बदलावी लागली.

आरओची वाया जाणाऱ्या पाण्याची नळी डिस्पोजरच्या बाजूच्या छोट्या तोंडात खोचू नका. ती बादलीत सोडा, फरशी पुसायला पाणी होतं.

टप्पा ८: मशीन लटकवणं

ते छोटं तोंड भांडी धुण्याच्या मशीनसाठी असतं. त्याच्या आत प्लास्टिकची चकती असते. भांड्यांचं मशीन असेल तर ती चकती आत्ता, मशीन जमिनीवर असताना, स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीनं फोडा आणि उलटं करून तुकडा बाहेर काढा. नसेल तर हात लावू नका. विसरून नळी जोडली, तर भांड्यांचं मशीन पाणी बाहेर टाकू शकत नाही आणि मेकॅनिक त्याचा पंप बदलायला निघतो.

टेकूवर मशीन ठेवा, दिवाळी अंक एकेक घालत वर आणा. तिन्ही कान कडीच्या खाचांत आले की कडी फिरवा, माहितीपत्रकातल्या बाणाच्या दिशेनं. तिन्ही कान चढावर चढून अडकले पाहिजेत. दोन अडकले आणि तिसरा नाही, असंही ‘लटकतं’, आणि रात्री पडतं. टॉर्च धरून तिन्ही बघा. मग मशीन फिरवून तोंड ट्रॅपकडे आणा, मधल्या तुकड्याचं माप घ्या, कापा, जोडा. बाजूच्या पट्टीचे दोन्ही बोल्ट सारखे आवळा.

टप्पा ९: चाचणी, आधी पाणी आणि मग वीज

प्लग अजून बाहेरच. कपाटाच्या तळाला कोरडं वर्तमानपत्र पसरा. बूच लावून सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. बारीक धारेत न गळणारा सांधा भरलेल्या सिंकच्या दाबाला गळतो. असं तीनदा करा. वर्तमानपत्रावर थेंबाचा डाग पडला की वर बघा, कुठल्या सांध्याखाली आहे ते लगेच कळतं.

कोरडं राहिलं तर आत टॉर्च मारून स्क्रू, कागद काही राहिलंय का बघा. हात पुसा, कोरडी चप्पल घाला. प्लग लावा, एमसीबी चढवा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. मग नळ पूर्ण सोडा आणि मशीन अर्धा मिनिट रिकामं चालवा. खडखड आली तर आत काहीतरी आहे. सगळं मशीन हलत असेल तर एखादा कान नीट बसलेला नाही. पुन्हा वर्तमानपत्र बघा, कारण काही सांधे थरथरल्यावरच गळतात.

टप्पा १०: पहिला आठवडा

पहिले सात दिवस कपाट भरू नका, वर्तमानपत्र तसंच राहू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चाक्या हातानं पुन्हा तपासा.

चालवताना आधी गार पाणी, मग मशीन, मग खरकटं थोडंथोडं. आवाज मोकळा झाल्यावरही वीसेक सेकंद पाणी चालू. गरम पाणी नको, कारण तूप वितळून पुढे पाइपात जाऊन थिजतं. तूप आणि तळणीचं तेल तर कधीच नाही. साबुदाणा, भात आणि पोहे पाण्यात फुगतात, मूठभराहून जास्त एकदम टाकू नका. उपासाच्या दिवशी मी सिंकवर पहारा ठेवते. शेवग्याच्या शेंगा, कांद्याची सालं, आंब्याची कोय, नारळाच्या शेंड्या बाहेर. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस होतो, तेव्हा कणसाचे केस आणि पाती तर दुसऱ्या खोलीतच सोला, तो रेशमी गुंता तबकडीभोवती दोऱ्यासारखा बसतो. तसंही कचऱ्याची गाडी दाराशी येते, ओला डबा तिच्यासाठीच आहे. डिस्पोजर फक्त ताटाला चिकटून सिंकमध्ये आलेल्या शितांपुरतं.

जुनं मशीन भंगारवाल्याला देण्याआधी त्याची वायर कापून टाका, म्हणजे कुणी ते पुन्हा भिंतीला लावणार नाही. बुडातून गळणारं मशीन दुसऱ्याच्या घरी जाता कामा नये. गाडीत देणार असाल तर सुक्या कचऱ्यात टाकू नका. इंदूरमध्ये कचरा सहा प्रकारांत घेतात आणि ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे, हे मशीन त्यात जातं. कापलेली वायर मात्र मी ठेवून घेते, तीन पिनांच्या प्लगसकट. मल्टिमीटर कसा धरायचा हे मुलाला शिकवायला ती कामी येते.